बाई, तुमच्या फॉर्मवर आमची मुलगी ‘इतर’ आहे

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी घरोघरी फिरणाऱ्या सर्व बाईंना आणि गुरुजींना,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एक बाई सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी आल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच आहेत, तेव्हा ‘तुम्ही’ म्हणते ते त्यांना.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. छत्री मिटवून तुम्ही जिन्यात टेकवली होतीत आणि तिचं पाणी दोन पायऱ्या खाली ओघळत गेलं होतं. दार थोरलीने उघडलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठाने माखलेले. मागे धाकटा भोकाड पसरून रडत होता, कारण त्यालाही परातीत हात घालायचा होता आणि ताई घालू देत नव्हती. तुम्ही विचारलंत, “कुठल्या शाळेत जातेस गं?” ती म्हणाली, “मी शाळेत नाही जात.”

मी हातातलं काम टाकून दारापर्यंत येईस्तोवर पुढचे दोन प्रश्न विचारूनही झाले होते. भांडी घासतेस का? घासते. भावाला सांभाळतेस का? कधी कधी. पोर खोटं कशाला बोलेल? दोन्ही खरंच आहे.

बाई, तुमच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. शाळेच्या वेळेला घरात असलेली नऊ वर्षांची मुलगी, पिठाचे हात, मागे रडणारं भावंड. याचा अर्थ महाराष्ट्रात शंभरातल्या नव्याण्णव घरांत एकच होतो, आणि तो ओळखायलाच तुम्हाला पावसात पाठवलेलं असतं. मी घाईघाईने म्हटलं, “आम्ही मुलांना घरीच शिकवतो.” तुम्ही विचारलंत, “म्हणजे क्लास लावलाय?” “नाही.” “आजारी असते का?” “नाही.” तुम्ही पेन कारणांच्या यादीवरून एकदा खाली नेलंत, परत वर आणलंत, पुन्हा खाली नेलंत. शेवटी ‘इतर’ लिहिलंत, उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यालात आणि पुढच्या बिल्डिंगला गेलात. दिवसभरात अजून किती घरं करायची होती कोण जाणे.

राग अजिबात नाही. पण त्या एका शब्दावर मी वर्षभर विचार करते आहे, आणि माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्या फॉर्मवर आमच्यासारख्यांना वेगळा रकाना हवा. आणि तो रकाना भरण्याआधी तुम्ही घरात येऊन, मुलीशी बोलून खात्री करून घ्यायला हवी. दुसरं नसेल तर पहिलंही नको.

हे दुसरं का म्हणते ते सांगते. आमच्या शेजारी मोठं बांधकाम चालू आहे. तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या मजुरांत एक मुलगी होती, आमच्या थोरलीएवढीच. कडेवर भाऊ, हातात प्लॅस्टिकचा कॅन, दिवसातून चार खेपा पाण्याच्या. तुम्ही आमच्याकडे येऊन गेल्यावर आठवड्याभरात ती मला महापालिकेच्या शाळेच्या गणवेशात दिसली. गणवेश मापापेक्षा मोठा, बाह्या दुमडलेल्या. ते काम तुमचं होतं. आता समजा, फॉर्मवर ‘घरी शिक्षण’ असा रकाना आधीच असता आणि मुकादमाने तिच्या बापाला तो शब्द शिकवून ठेवला असता, तर? तिच्या हातातल्या कॅनला आणि आमच्या मुलीच्या पिठाच्या हातांना कागदावर एकच नाव मिळालं असतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाबरोबर कोयत्यावर गेलेली मुलगी, सतरा वर्षांच्या मुलाशी सोयरीक ठरलेली तेरा वर्षांची मुलगी, यांच्या घरच्यांनाही तो रकाना सोयीचाच पडेल.

म्हणून शिक्षण हक्क कायद्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. २००९ चा तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० म्हणतं, की सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक आईबापाचं कर्तव्य आहे. ते पार पाडलं नाही तर शिक्षा काय, हे त्या कायद्यात नाही. घरी शिकवणाऱ्यांचं काय करायचं, हेही नाही. आमच्यासारखे काही या न लिहिलेल्या जागेत खुशीत राहतात, ‘बेकायदेशीर कुठे आहे?’ म्हणतात. मला त्या जागेत बरं वाटत नाही. पळवाटेत मूल वाढवायचं म्हणजे दाराची बेल वाजली की आधी छातीत धस्स होतं.

तुम्ही उंबऱ्याच्या आत आला असतात तर समोरच्या भिंतीवर एक उलटं टांगलेलं जुनं कॅलेंडर दिसलं असतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने हिशेब केलेला आहे. बाहेरून तो दिसत नाही. त्याची गोष्ट जरा लांबण लावून सांगते, कारण आमच्याकडे ‘शिकवतो’ म्हणजे काय करतो, हे मला दुसऱ्या कुठल्याच प्रकारे सांगता येत नाही.

२०२४ च्या २५ जुलैला पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि ते आमच्या भागातल्या एकतानगरीत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. आमची गल्ली वाचली, पण दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, क्युसेक. पस्तीस हजार क्युसेक. थोरली तेव्हा आठ वर्षांची. तिने विचारलं, “पस्तीस हजार काय?” मी म्हटलं, “पाणी.” ती म्हणाली, “पस्तीस हजार पाणी असं कसं असेल?”

खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एवढं शोधून सांगितलं. त्यावर तिचं तोंड जसं होतं तसंच राहिलं. मग टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा डबा केला. आत गादीवरचं प्लॅस्टिक लावलं. दूध मोजायच्या लिटरच्या मापाने ती मोरीतून पाणी आणून ओतत बसली आणि धाकटा प्रत्येक मापाला मोठ्याने आकडा म्हणत राहिला. अठ्ठावीस मापं बसली, वर थोडी जागा उरली आणि पुठ्ठ्याची एक कड उसवली. पुसायला फडकी पुरली नाहीत. ओल्या फरशीवर उभी राहून ती म्हणाली, “असे पस्तीस हजार डबे. एका सेकंदात.” आणि गप्प बसली.

हिशेब मात्र त्या वर्षी झाला नाही. तिला तेव्हा एवढा मोठा भागाकार येत नव्हता आणि मी रेटला नाही. तो पुढच्या पावसाळ्यात झाला, तुम्ही यायच्या दहाएक दिवस आधी. पेपरात खडकवासल्याची क्षमता छापून आली होती, १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे धरणात एकशे सत्त्याण्णव कोटी डबे. पस्तीस हजार गुणिले छत्तीसशे, म्हणजे तासाला बारा कोटी साठ लाख. भागाकार करून तिने उत्तर काढलं, साडेपंधरा तास आणि वर थोडं. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, “मग आई, पहाटे सोडलेलं धरण रात्री रिकामं का नाही झालं?”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. चार धरणांची साखळी, खडकवासला त्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत खालचं, वर पानशेत, वरसगाव, टेमघर. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. पण ते मी सांगितलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. आम्ही रविवारी धरणावर गेलो, चौपाटीवर कणसं खाल्ली आणि पाणी कुठून येतंय ते बघत पानशेत रस्त्याने वर गेलो. परतताना तिने कॅलेंडरवर काय लिहायचं ते ठरवलं होतं. हिशेबाखाली एक ओळ आहे, ‘वरून येतं तेही धरायला हवं.’ नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आता ती आधी विसर्गाचा आकडा विचारते.

रोज असं होत नाही. रोज असं होतं, असं सांगणारे आईबाप मला भेटतात आणि मी त्यांच्याकडे कौतुकाने बघते, पण विश्वास ठेवत नाही. आमचे बरेच दिवस बालभारतीची पुस्तकं उघडण्यात, कंटाळण्यात, पेन्सिली शोधण्यात जातात. थोरलीचं ऱ्हस्व-दीर्घ भयंकर आहे. तुमच्या वर्गात असती तर शुद्धलेखनाच्या पंधरा ओळी रोज लिहून आतापर्यंत सुधारली असती, हे मला कबूल आहे. हिंदी आम्ही जवळजवळ सोडूनच दिलंय. शिवाय हे सगळं जमतं ते मी अर्धा वेळ घरून काम करते आणि नवऱ्याचा पगार पुरतो म्हणून. आमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना ‘तुम्हीही शिकवा ना घरी’ असं सांगायची मला लाज वाटेल.

आणि घरात एक विरोधी पक्षही आहे. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. “शाळेत न जाता शिकलेली माणसं मी खूप पाहिली,” त्या म्हणतात, “सगळी माझ्या माहेरी शेतात होती.” तरी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. तीन दीड साडेचार, पाच दीड साडेसात. धाकटा ठेक्यात म्हणतो, अर्थ त्याला नंतर कळेल, किंवा मंडईत ‘वीस रुपये पाव’ ऐकून कळेल. (पहिल्यांदा त्याने भाजीवाल्याकडे बटरचा पाव मागितला होता.) २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढं भांडण झालं. ते भांडण आमच्या घरी अजून चालू आहे. धाकटा एकोणऐंशीला ‘सत्तर नऊ’ म्हणतो, सासूबाई पळी आपटून ‘एकोणऐंशी’ म्हणतात, आणि मला दोघांचंही पटतं. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. सासूबाईंनी ऐंशी शेंगदाणे मोजून मांडले आणि त्यातला एक खाल्ला.

मागे आम्ही बुधवार पेठेत गेलो होतो, दगडूशेठच्या समोर जिथे भिडे वाडा होता तिथे. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. पडका वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी उतरवला, तेव्हा दाखवायला काही नव्हतंच, नुसतीच जागा. थोरलीने विचारलं, “सावित्रीबाईंना कुठल्या शाळेत शिकवलं?” मी सांगितलं की आधी ज्योतिरावांनी घरी शिकवलं. तिचा चेहरा फुलला. “म्हणजे त्यापण घरी!” मला क्षणभर बरं वाटलं, पण सासूबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, “घरी शिकली, पण शिकून काय काढलं? शाळाच ना?” रस्ता ओलांडेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. रमाबाई रानड्यांनाही न्यायमूर्तींनी याच पुण्यात घरी शिकवलं, घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या. पण त्यांच्यासाठी बाहेरची दारं बंद होती. आमच्यासाठी ती उघडी आहेत आणि आम्ही आत गेलो नाही. एवढा फरक आहे आणि तो लहान नाही.

आता कागदांचं. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची वाट आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या तीन पातळ्या आहेत, चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही या पातळ्यांचा उल्लेख आहे. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जी कधी शाळेत गेलीच नाही तिने कुठली शाळा सोडली म्हणून सांगायचं? अपारचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळखीचा, बारा आकडी नंबर शाळेमार्फत निघतो, म्हणजे तोही नाही. परीक्षा देऊन ती पुढे जाईल, त्याची काळजी नाही. पण सहाव्या वर्षापासून त्या परीक्षेपर्यंत ती सरकारच्या कुठल्याच वहीत नाही. एकाच वहीत आहे, तुमच्या. तिथे ती ‘इतर’ आहे.

त्या वर्षभराच्या विचारातून एक गोष्ट निघाली, ती सांगायला मला अवघड जातंय. तुम्ही मला प्रश्न विचारलेत. मीही सगळ्यांना पाठ असलेली उत्तरं दिली. पण ‘तुला शाळेत जायचंय का’ हे थोरलीला कुणीच विचारलं नाही. तुम्ही नाही, आजीने नाही, आणि चार वर्षांत मीही नाही.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी ती सकाळी गॅलरीत उभी होती. खाली गेटपाशी रिक्षा आणि व्हॅनची गर्दी, नवे रेनकोट, कडक कोरी दप्तरं. आमच्या सोसायटीत दहा ते चार या वेळात एकही मूल नसतं. झोपाळा रिकामा असतो, तो तिच्या एकटीच्या मालकीचा असतो आणि म्हणूनच ती त्यावर फारशी बसत नाही. लोक विचारतात, ‘मुलं मिसळणार कशी?’, तेव्हा मी ट्रेक, शिबिरं, घरी शिकणाऱ्या इतर मुलांच्या भेटी, असं सगळं मोजून दाखवते. दहा ते चार मी मोजत नाही.

त्या दिवशी मी विचारलं. तिने बराच वेळ विचार करून सांगितलं, “एक आठवडा जाऊन बघते, मग सांगते.” मला हे उत्तर फार शहाणं वाटलं. एका शाळेच्या ऑफिसात मी तसं विचारलं. टेबलामागच्या माणसाने आधी जुना दाखला मागितला, नाही म्हटल्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की एक आठवड्याची सोय कुठेच नसते, प्रवेश घ्या नाहीतर राहू द्या. कलम ४ प्रमाणे तिला वयाला योग्य त्या वर्गात घ्यायला हवं, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण ‘बघायला यायचंय’ याला कलम नाही. घरी येऊन मी तिला ‘जमलं नाही’ एवढंच सांगितलं. तिने दप्तर मागितलं. आणून दिलं. आता दर शनिवारी ती ते पाठीला लावून ग्रंथालयात जाते, आत दोन पुस्तकं आणि डबा.

तर बाई, माझी मागणी तुमच्या हातातली नाही, वरच्यांच्या हातातली आहे, हे मला माहीत आहे. पण ती वरच्या साहेबांना कळेल ती तुमच्याकडूनच, कारण दारात तुम्ही उभ्या असता. रकाना द्या, नाव काहीही द्या. त्या रकान्यात नाव लिहायचं असेल तर वर्षातून दोनदा कुणीतरी घरी यावं. आईबापांना बाहेर बसवावं आणि मुलाशी एकट्याने बोलावं. न पाहिलेला एखादा उतारा वाचून घ्यावा, एखादा हिशेब घालावा, दिवसभर काय करतोस ते विचारावं. आणि शेवटी शाळेत जायचंय का, हे विचारावं. ‘हो’ आलं तर पुढच्या सोमवारी ते मूल वर्गात असावं, दाखल्यावाचून, आणि हवं तर आठवडाभर बघायलासुद्धा. जे आईबाप दार उघडणार नाहीत त्यांच्या मुलांपुढे खुशाल ‘शाळाबाह्य’ लिहावं. घरी शिकवणाऱ्यांतल्या काहींना हे मुळीच आवडणार नाही. सरकारी माणूस मुलांची परीक्षा घेणार म्हटल्यावर ते माझ्याशी बोलायचे थांबतील. थांबोत. पत्र्याच्या खोलीतल्या मुलीपर्यंत तुम्ही पोचू शकलात ते तुम्हाला विचारण्याचा अधिकार होता म्हणून. माझ्या दाराशी तो अधिकार संपतो, असं म्हणायला माझं तोंड होत नाही.

यंदाही तुम्ही याल तेव्हा घाईत असाल. तरी दहा मिनिटं काढा. भाकरी ती आता बऱ्यापैकी गोल थापते, एक खाऊनच जा. कॅलेंडर भिंतीवरच आहे. आणि तुमच्या वहीत तिचं वय नऊ आहे, ते दहा करून घ्या.

तुमची,
थोरलीची आई
सिंहगड रस्ता, पुणे